कोर्तेसमध्ये शेतकरी कुठे बसायचा?

कोरडवाहू (धागाकर्ता)

संसदेच्या धाग्यावर परवा कुणीतरी लिहून गेलं की जगातली पहिली लोकसभा ११८८ साली स्पेनमधल्या लिओनला भरली. तिकडे अशा सभेला कोर्तेस म्हणत. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. पहिली की दुसरी यावर ज्यांना भांडायचं त्यांनी खुशाल भांडावं. मला विचारायचंय ते एवढंच, की त्या सभेत नेमके गेले कोण, आणि नांगर धरणारा माणूस त्यात होता का? बरंच वाचून माझं मत असं झालंय की शहरवाले आत शिरले, शेतकरी बाहेर राहिला, आणि शहरवाल्यांच्या त्या जागेचं भाडं बऱ्याचदा शेतकऱ्यानेच भरलं.

आधी लिओन. लिओनचा राजा नववा आल्फोन्सो गादीवर आला तेव्हा सोळा वर्षांचा होता. बाप जानेवारीत गेलेला, खजिन्यात खडखडाट, सावत्र आई आपल्या मुलासाठी टपलेली, एका अंगाला कास्तीलचं राज्य आणि दुसऱ्या अंगाला पोर्तुगाल. अशा वेळी त्याने लिओनमधल्या सान इसिदोरो चर्चमध्ये सभा बोलावली. बिशप आणि सरदार नेहमीचेच. नवे होते ते 'प्रत्येक शहरातून निवडलेले नागरिक'. हा उल्लेख तिथल्या हुकूमनाम्यातच आहे. राजाने कबूल केलं की बिशप, सरदार आणि भल्या माणसांच्या सल्ल्याशिवाय युद्ध किंवा तह करणार नाही. कुणाच्या घरात बळजबरीने घुसायचं नाही. चहाडी सिद्ध करता आली नाही तर शिक्षा चहाडखोराला. मूळ कागद आज नाही, नंतरच्या नकला आहेत, त्यामुळे विद्वानांची त्यावर रस्सीखेच चालू असते. युनेस्कोने मात्र २०१३ साली त्याला जागतिक स्मृतीच्या यादीत घेतलं.

पण राजाला एकाएकी नागरिकांचा पुळका का आला? चौदा वर्षं पुढे जा, की उत्तर मिळतं. त्या काळी राजे नाण्यातली चांदी कमी करून पैसा काढायचे, आणि त्याने बाजार बसायचा. १२०२ साली बेनाव्हेन्तेच्या सभेत याच आल्फोन्सोने तो हक्क सात वर्षांसाठी चक्क विकला. सात वर्षं नाण्याला हात लावणार नाही, बदल्यात करदात्यामागे एक मारावेदी (तिथलं नाणं) द्या. असा सौदा करायचा तर समोर देणारा माणूस हवा, आणि रोकड शहरांकडे होती.

आता शहर म्हणजे काय ते बघा. सेगोव्हिया, आविला, सोरिया ही नुसती तटबंदीच्या आतली वस्ती नव्हती. तटाबाहेरची कित्येक खेडी, कुरणं, जंगलं त्या शहराच्या ताब्यात. खेड्यांचा न्याय शहर करणार, पट्टी शहर वसूल करणार. आणि शहरात सत्ता कुणाची? घोडा बाळगणाऱ्यांची. सीमेवरच्या लढाया चालू होत्या तोवर ज्याच्याकडे घोडा आणि हत्यार तो माणूस राजाला मोलाचा. पुढे कास्तील-लिओनच्या दहाव्या आल्फोन्सोने १२५६ च्या सुमारास अशा घोडेस्वार नागरिकांना करमाफीच देऊन टाकली. हे जन्माने सरदार नव्हते, पण हळूहळू नगरसभा त्यांच्याच हातात गेली. १३४५ पासून अकराव्या आल्फोन्सोने तर मोठ्या शहरांतल्या खुल्या सभा मोडून थोड्याशा नेमलेल्या कारभाऱ्यांकडे कारभार दिला. कोर्तेसला जाणारे मुखत्यार, म्हणजे शहरांचे प्रतिनिधी, यांच्यातलेच.

म्हणजे हिशोब असा, की कोर्तेसमध्ये पट्टी मंजूर करणारा स्वतः ती पट्टी भरत नाही. भरतो तो गावातला आणि शहरातल्या गल्लीतला साधा माणूस.

कातालोनियात तर याहून कडू प्रकार आहे. १२०२ साली सेर्व्हेराच्या सभेत सरदारांनी असं पदरात पाडून घेतलं की जमीनदाराने आपल्या कुळाला छळलं किंवा त्याची चीजवस्तू नेली, तरी कुळाने राजाकडे दाद मागायची नाही. मग १२८३ सालची बार्सेलोनाची कोर्त्स (कोर्तेसचंच तिथलं नाव). प्रतिनिधी संस्थांचा इतिहास लिहिणारे हिचं फार कौतुक करतात, आणि ते खोटंही नाही. सिसिलीच्या युद्धात अडकलेल्या थोरल्या पेरे राजाने तिथे मान्य केलं की वर्षातून एकदा कोर्त्स भरवीन, आणि धर्माधिकारी, सरदार, स्वार आणि नागरिक यांच्या संमतीशिवाय सर्वसाधारण कायदा करणार नाही. शहरवाल्याला हक्काची जागा मिळाली ती इथे. आणि त्याच कोर्त्समध्ये, त्याच संमतीने, आणखी एक कलम पास झालं. सरदाराची जमीन सोडून राजाच्या गावात पळून जाणाऱ्या कुळाने, जिथे तशी वहिवाट आहे तिथे, आधी सरदाराला पैसे मोजून स्वतःला सोडवून घ्यायचं. एका दारातून नागरिक आत आला आणि शेतकऱ्याच्या पायात बेडी पडली, तारीख एकच.

चर्चा व्हावी. विशेषतः जिथे शेतकऱ्याला खरोखर आवाज मिळाला अशी ठिकाणं कुणाला माहीत असतील तर लिहा. माझ्याकडे एक-दोन आहेत, पण आधी तुमचं येऊ द्या.

तिरकी रेघ

लेख आवडला. म्हणजे ज्यांना मेंटेनन्स माफ त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मेंटेनन्स वाढवायचा. आमच्याकडे हे अजून चालतं, मध्ययुगाला कशाला नावं ठेवता?

एक शंका. हे मुखत्यार राजापुढे तोंड तरी उघडत होते का, की जेवून घरी?

कोरडवाहू

@तिरकी रेघ, तोंड उघडायचे, आणि कशासाठी ते ऐका. १३४८ साली आल्काला दे एनारेसच्या कोर्तेसमध्ये बुर्गोस आणि तोलेदो भांडले, पहिल्या बाकावर कोण बसणार आणि राजाला पहिलं उत्तर कोण देणार यावरून. बुर्गोस म्हणे आम्ही कास्तीलचं मस्तक, तोलेदो म्हणे आम्ही व्हिसिगोथ राजांची राजधानी. शेवटी अकराव्या आल्फोन्सोने तोडगा काढला: तोलेदोवाले मी सांगेन ते करतील, त्यांच्या वतीने हे मीच सांगतो, आता बुर्गोसने बोलावं. तोलेदोला मग राजाच्या समोर, सभेच्या मधोमध वेगळं बाक मिळालं. हे नाटक पुढे कित्येक पिढ्या प्रत्येक कोर्तेसच्या सुरुवातीला जसंच्या तसं व्हायचं. दोन्हीकडून आरडाओरड, मग राजाचं तेच वाक्य, मग बुर्गोस बोलणार.

खरी कामं पण व्हायची हो. शहरं मागण्यांचं बाड घेऊन यायची, राजा एकेका कलमाला उत्तर द्यायचा. पण १४२२ च्या ओकान्याच्या कोर्तेसपासून मुखत्यारांचा भत्ता राजाच्या तिजोरीतून सुटू लागला. ज्याच्याकडून भत्ता घ्यायचा त्यालाच पैसे नाकारायचे, हे किती जमणार?

कलमबहाद्दर

वकील असल्यामुळे दुसरी बाजू मांडणं भाग आहे. धागाकर्ते जरा एकतर्फी लिहितात.

पहिलं म्हणजे, मुखत्यार मनाला येईल तसं मत देत नसत. शहर त्यांना लेखी मुखत्यारपत्र देई आणि त्यात काय कबूल करायचं, काय नाही, हे लिहिलेलं असे. त्याबाहेर गेला तर परत आल्यावर जाब. दुसरं, १३८७ साली ब्रिव्हिएस्काच्या कोर्तेसमध्ये पहिल्या हुआन राजाने मान्य केलं की कोर्तेसमध्ये झालेला कायदा कोर्तेसमध्येच रद्द होईल, आणि कायद्याविरुद्ध राजाचं पत्र आलं तर ते शिरसावंद्य मानावं पण अमलात आणू नये. चौदाव्या शतकात हे लेखी मिळवणं ही लहान गोष्ट नाही. पुढे राजांनी ते पाळलं नाही हा वेगळा मुद्दा.

तिसरं, मागण्यांची बाडं जरा नीट बघा. मेंढपाळांची जी बलाढ्य संघटना होती, मेस्ता, तिचे फिरते न्यायाधीश गावोगाव शेतकऱ्यांना दंड ठोकत सुटायचे. त्यांच्याविरुद्ध तक्रारी कोर्तेसमध्ये पुन्हा पुन्हा येतात. सरदार गायरानं बळकावतात, ही तक्रारही पुन्हा पुन्हा. १४४२ साली वाय्यादोलिदला शहरांनी दुसऱ्या हुआनकडून वचन घेतलं की राजाच्या मालकीची गावं यापुढे कुणाला इनाम देणार नाही. याचा फायदा शेतकऱ्याला झाला नाही का? राजाच्या गावात राहणं आणि सरदाराच्या गावात राहणं यात जमीन-अस्मानाचा फरक होता.

कोरडवाहू

@कलमबहाद्दर, मुद्दे मान्य, पण गायरान बळकावलं गेलं की नुकसान कुणाचं? शहराचं. ते कुरण शहराच्या हद्दीतलं, तिथली मेंढरं बरीचशी शहरातल्या घोडेवाल्यांचीच. राजाने खेडं इनाम दिलं की शहराचं उत्पन्न गेलं. शेतकऱ्याचं हित आणि शहराचं हित जिथे एका रेषेत आलं तिथे शहर बोललं. जिथे ते आडवे आले, उदाहरणार्थ शहर खेड्यावर किती पट्टी बसवतं, तिथे कोर्तेसमध्ये कोण बोलणार? सेगोव्हियासारख्या ठिकाणी खेड्यांचे गट पाडलेले असत आणि प्रत्येक गट आपला एक माणूस नगरसभेपुढे गाऱ्हाणं मांडायला पाठवी. कोर्तेसचं दार त्याला बंद. त्याचं गाऱ्हाणं ज्याच्याविरुद्ध, तोच कोर्तेसमध्ये त्याचा प्रतिनिधी.

कलमबहाद्दर

ते आजच्या चष्म्यातून झालं. तेव्हाच्या माणसाला व्यक्तीचं प्रतिनिधित्व ही कल्पनाच नव्हती. शहर म्हणजे एक देह, खेडी त्याचे अवयव. देहाच्या वतीने तोंड बोलतं, त्यात गैर काय?

तिरकी रेघ

तोंड बोलतं, तोंडच खातं. पाय चालतात.

उंबरठा

वाचतेय. पुढचे प्रतिसाद येऊ द्यात.

एब्रोकाठची

नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली काही वर्षं आरागोनमधल्या सारागोसात राहते, त्यामुळे तिथली बाजू मांडते. धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं एक पक्कं उत्तर इथेच आहे.

आरागोनच्या कोर्तेसमध्ये तीन नाही, चार गट बसायचे: बडे सरदार, छोटे सरदार आणि स्वार, धर्माधिकारी, आणि चौथा शहरांचा. या चौथ्या गटात सारागोसा, उएस्का वगैरे शहरं होतीच, पण त्यांच्याबरोबर खेड्यांचे संघही होते. दारोका, कालातायुद आणि तेरुएल या तिन्ही शहरांभोवतीच्या खेड्यांनी शहराच्या जाचाला कंटाळून आपापला संघ केला. दारोकाच्या खेड्यांना १२४८ साली पहिल्या जाइमे राजाने तशी सनद दिली. संघाची स्वतःची सभा, स्वतःचे कारभारी, स्वतःची करवसुली. आणि कोर्तेसला दारोका शहराचा माणूस वेगळा, दारोकाच्या खेड्यांचा माणूस वेगळा. कास्तीलमध्ये जे अवयव होते म्हणता ना कलमबहाद्दर, ते इथे उठून स्वतः चालायला लागले.

दारोकाला मी दोनदा गेलेय. गाव आता अगदी लहान, पण डोंगराच्या कडेकडेने तटबंदी इतकी लांबच लांब गेलीये की आतलं गाव तिच्यात हरवतं. खालच्या वेशीला दोन भक्कम बुरूज आहेत आणि वेशीबाहेर वीस तोंडांचं कारंजं. कारंजं नंतरच्या काळातलं. त्या वेशीत उभं राहिलं की शहराची मिजास कळते. खेड्यातल्या माणसाला काही कामासाठी यायचं तर याच दरवाजातून, मान वर करून बुरूज बघत. अशा शहराशी भांडून वेगळी सनद मिळवणं सोपं नसणार.

राजाने हे का केलं? शहर फार माजू नये म्हणून, आणि खेड्यांची पट्टी मध्ये कुणी न खाता थेट मिळावी म्हणून. शेतकऱ्यांवर प्रेम वगैरे काही नाही.

कोरडवाहू

@एब्रोकाठची ताई, हेच हवं होतं. माझ्या एक-दोनमधलं एक हेच. फक्त दोन गोष्टींची भर घालतो. हे संघ राजाच्या थेट मालकीच्या मुलखातले. आरागोनमध्येच सरदारांच्या जमिनीवर राबणाऱ्यांना, त्यात मुसलमान शेतकरी पुष्कळ होते, यातलं काही मिळालं नाही. आणि संघाच्या सभेतही गावातले सधन लोकच पुढे असणार. पण तरी, खेड्याच्या नावाने कोर्तेसमध्ये माणूस बसला हे खरं.

पाटीलकी

आपल्याकडच्या गोतसभेशी याची तुलना कुणी केलीय का? तिथेही बलुतेदारांपर्यंत सगळे सह्या-निशाण्या करायचे.

कोरडवाहू

@पाटीलकी, गोतसभा निवाडा करायची. कोर्तेसचं मूळ काम राजाला पैसे मंजूर करणं, बदल्यात मागण्या पदरात पाडून घेणं. ओढूनताणून जोडण्यापेक्षा वेगळा धागा काढा, मी येतो.

दप्तरखाना

दुसरं उदाहरण मी देतो, माझं आवडतं. कातालोनियातल्या त्या जमिनीला बांधलेल्या कुळांना रेमेन्सा म्हणत. त्यांच्यावर सहा 'वाईट चाली' लादलेल्या होत्या. स्वतःला सोडवून घ्यायची रक्कम ही एक. मृत्युपत्र न करता मेला तर जमीनदार मालमत्तेत वाटा घेणार. निपुत्रिक मेला तरी वाटा. बायकोने व्यभिचार केला तरी वाटा. घर जळालं तर भरपाई कुळानेच द्यायची. लग्नाच्या करारावर जमीनदाराची मान्यता, तिचेही पैसे.

कोर्त्समध्ये यांना कुणी विचारत नव्हतं, उलट तिथे बसलेले मठाधिपती, सरदार आणि बार्सेलोनाचे बडे नागरिक यांच्याकडेच अशी कुळं होती. तेव्हा १४४८ साली उदार म्हणवल्या जाणाऱ्या आल्फोन्सो राजाने, जो इटलीत नेपल्सला बसला होता आणि ज्याला पैशाची कायमची चणचण होती, या कुळांना एकत्र जमून वर्गणी गोळा करायची परवानगी दिली. अट अशी की एका वेळी पन्नासहून जास्त जमायचं नाही, आणि राजाचा अधिकारी हजर पाहिजे. मग गावोगाव सभा झाल्या, प्रत्येक सभेत आपले प्रतिनिधी नेमले गेले, आणि कारकुनाने जमलेल्या प्रत्येकाचं नाव वहीत उतरवलं. ती वही खिरोनाच्या नगर दप्तरात आहे. तिच्यात दहा हजारांहून जास्त शेतकऱ्यांची नावं आहेत!

जरा विचार करा. ज्या माणसाचं नाव एरवी कागदावर येई ते फक्त जमीनदाराच्या येणेबाकीत, त्याचं नाव इथे 'आम्ही हे मागतो' म्हणून आलं. पंधराव्या शतकात एका मुलखातल्या एवढ्या साध्या माणसांचा राजकीय कारणासाठी केलेला नामनिशीवार दस्त दुसरीकडे सापडणं कठीण. युनेस्कोच्या यादीत लिओनचा हुकूमनामा गेला त्याच २०१३ साली ही वहीही गेली. लिओनचं नाव आपण ऐकतो, वहीचं नाही.

उंबरठा

ही वही माहीतच नव्हती! मग पुढे काय झालं त्या कुळांचं?

दप्तरखाना

@उंबरठा, १४५५ साली राजाने वाईट चाली तात्पुरत्या स्थगित केल्या. जमीनदार खवळले. १४६२ ते १४७२ यादवी झाली. तीत कोर्त्समधून निघालेली जनरलिटात ही कायमची समिती राजाच्या विरुद्ध, तर वेर्नताल्यातच्या हाताखालचे रेमेन्सा शेतकरी राजाच्या बाजूने. ज्या संस्थेला आपण लोकशाहीची आजी म्हणतो तिच्याविरुद्ध शेतकरी हत्यार घेऊन राजाकडून लढले, हे लक्षात घ्या. मग १४८१ च्या कोर्त्सने पुन्हा जमीनदारांची तळी उचलली, त्यातून पेरे जुआन साला या शेतकरी पुढाऱ्याचं बंड उठलं आणि १४८५ साली त्याला बार्सेलोनात मारलं.

शेवट १४८६ मध्ये. फेर्नांदो राजाने निवाडा दिला तो कोर्त्समध्ये नव्हे, तर कातालोनियापासून लांब एक्स्त्रेमादुरातल्या ग्वादालूपेच्या मठात. वाईट चाली बंद, पण फुकट नाही, दर घरटी साठ सोल्दो (तिथलं नाणं) मोजा. जमीन जमीनदाराची, कसणारा कूळच राहील आणि खंड भरेल, मात्र त्याला कुणी हुसकायचं नाही आणि त्याला जायचं तर अडवायचं नाही. वर बंडाबद्दल ५०,००० पौंडांचा दंड. तरीही युरोपात त्या काळी कुळांना एवढं क्वचितच कुठे मिळालं.

कलमबहाद्दर

हा प्रतिसाद जबरदस्त. पण दप्तरखाना, तुमच्याच गोष्टीतून निघतं की शेतकऱ्याला प्रतिनिधी सभेपेक्षा राजा बरा वाटला. राजाने त्यांना वापरून घेतलं, पैसेही काढले. हा काही प्रतिनिधित्वाचा विजय नाही.

दप्तरखाना

विजय म्हणालोच नाही. वही आहे म्हणालो.

मांडवीकाठ

गोव्याचा असल्यामुळे पोर्तुगालबद्दल कुणी लिहीत नाही हे खटकलं. पोर्तुगालच्या कोर्तेसमध्ये शहरांचे मुखत्यार पहिल्यांदा आले ते १२५४ साली लैरियाला, तिसऱ्या आफोन्सोच्या वेळी. १३८५ ची कोइंब्राची कोर्तेस तर थेट राजा निवडायला बसली. गादीला सरळ वारस नव्हता, कास्तीलचा राजा दारात उभा, आणि जुवांव दास रेग्रास या कायदेपंडिताने एकेका दावेदाराचा हक्क खोडून काढून आव्हिशचा जुवांव हाच राजा, असं सभेच्या गळी उतरवलं. त्या धामधुमीत लिस्बनच्या कारागिरांनी जुवांवला साथ दिली आणि बदल्यात 'चोवीसांचं घर' मिळवलं: बारा धंद्यांचे दोन-दोन माणूस, ज्यांचा लिस्बनच्या नगरसभेत आवाज असे. चांभार, शिंपी यांना नगरकारभारात जागा, हे कास्तीलच्या घोडेवाल्यांना पचलं नसतं. शेतमजूर मात्र इथेही नाही.

आता आमच्याकडचं. गोवा शहराला लिस्बनच्या धर्तीवर हक्क मिळाले होते, आणि १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून सुटल्यावर चौथ्या जुवांवच्या काळात गोव्याला कोर्तेसमध्ये पहिल्या बाकावर जागा मिळाली. म्हणजे लिस्बन, पोर्तो यांच्या पंगतीत! पण गोवा म्हणजे कोण? ओल्ड गोव्याच्या नगरसभेतले पोर्तुगीज. तिसवाडी, बार्देश, साष्टीतल्या गावकऱ्यांचा त्याच्याशी संबंध नाही. तिसवाडीतल्या गावकारीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक कारभाराच्या, चालीरीती १५२६ च्या फोरालात (सनदेत) लिहून घेतल्या गेल्या, त्या मुख्यतः सारा नीट यावा म्हणून. धागाकर्ते म्हणतात तोच साचा सात समुद्र ओलांडून आला. शहराला बाक, गावाला सारा.

पोर्तुगालच्या सभेवर गोमंतकीय निवडला गेला तो थेट १८२२ साली, नव्या घटनात्मक कोर्तेससाठी. नेवऱ्याचे बेर्नार्दो पेरेश द सिल्व्हा त्यात होते. पण ती धर्माधिकारी, सरदार आणि शहरं अशा तीन वर्गांची जुनी सभा नव्हे, तिचा विषय वेगळा.

कोरडवाहू

@मांडवीकाठ, फोरालची जोड मनात आली नव्हती, मस्त.

घाटावरचा

स्पेनच्या वायव्य टोकाच्या गालिसियाबद्दल कुणी बोलेल का? अख्ख्या प्रांताला कोर्तेसमध्ये मत नव्हतं असं वाचलंय. खरं की काय?

कोरडवाहू

@घाटावरचा, खरं आहे. चौदाव्या शतकात शहरांची संख्या बरी होती. १३९१ साली माद्रिदच्या कोर्तेसला ४९ शहरांचे मिळून शंभरावर मुखत्यार होते. पंधराव्या शतकात ती १७ वर आली, प्रत्येकाचे दोन. बाकीच्यांचं काय? १७ पैकी कुणीतरी त्यांच्या वतीने बोलायचं. गालिसियाच्या वतीने सामोरा बोलणार. आस्तुरियासच्या वतीने लिओन. सामोराच्या माणसाने गालिसियाची कोळीवाडी कधी बघितली असेल का, देव जाणे. राजाला १७ जणांना पटवणं ४९ पेक्षा सोपं, आणि ज्या १७ ना जागा मिळाली त्यांना अठरावा नकोच होता. पुढे ग्रानादा जिंकून घेतल्यावर ते एक शहर तेवढं यादीत वाढलं.

गालिसियात १४६७ साली इर्मांदिन्यो नावाचे बंडखोर उठले. त्यात शेतकरी, कोळी, कारागीर, काही छोटे सरदार, पाद्रीसुद्धा. दोनेक वर्षांत शंभरावर गढ्या त्यांनी पाडल्या. कोर्तेसमध्ये मत नव्हतं म्हणून गढ्या पाडल्या असं मी म्हणणार नाही, गढीवाल्यांचा जुलूम हेच कारण. पण गाऱ्हाणं मांडायला दुसरी जागा नव्हती हेही तितकंच. गालिसियाला मत मिळालं १६२३ मध्ये.

एब्रोकाठची

बास्क मुलूख राहिला. व्हिस्कायाची सभा गेर्निकाच्या ओकच्या झाडाखाली भरायची. तिथे तटबंदीच्या गावांबरोबर उघड्या मुलखातल्या चर्चवार खेड्यांनाही मत होतं, आणि अशी खेडी सत्तरच्या आसपास. ती कास्तीलची कोर्तेस नव्हे, पण राजाला तिथे येऊन हक्क पाळण्याची शपथ घ्यावी लागे. १४७६ ला फेर्नांदोने घेतली, १४८३ ला इसाबेलने.

तिरकी रेघ

चला, एक तरी जागा निघाली जिथे शेतकरी शेतकरी म्हणून बसला.

एब्रोकाठची

@तिरकी रेघ, घाई नको. व्हिस्कायाच्या लोकांचा दावा असा की आमच्यातला प्रत्येक जण जन्माने हिदाल्गो. १५२६ च्या कायद्यात तसं लिहूनही घेतलं. म्हणजे गाई राखणारा बसला, पण कुलीन म्हणून. :)

तिरकी रेघ

घ्या!

दप्तरखाना

जाब विचारण्याबद्दल कलमबहाद्दर वर लिहून गेलेत, त्यावर एक प्रसंग. १५२० साली पाचव्या चार्ल्सने सान्तियागोला आणि मग कोरुन्याला कोर्तेस भरवली. बादशहा व्हायला जर्मनीला जायचं, त्यासाठी पैसे हवेत. मुखत्यारपत्रात मोकळे अधिकार द्या, असा हुकूम. तोलेदोने ऐकलं नाही, सालामांकाच्या मुखत्यारांना आतच घेतलं नाही. गालिसियाच्या भूमीवर सभा भरलीये म्हणून तिथल्या बड्यांनी मत मागितलं, ते नाकारलं. शेवटी बऱ्याच मुखत्यारांनी पट्टी मंजूर केली.

सेगोव्हियाचा रोद्रिगो दे तोर्देसियास त्यातलाच एक. तो परत आला तो मे महिन्याच्या शेवटी. लोकरीच्या धंद्यातल्या कामगारांचं गाव ते, लोक चिडलेले. त्यांनी त्याच्या गळ्यात दोर घातला, गावभर फरपटत नेलं आणि पाय वर करून टांगलं. शहरांनी राजाविरुद्ध केलेल्या बंडाची, म्हणजे कोमुनेरोंच्या बंडाची, ही सुरुवात. मुखत्यारपत्राबाहेर जाण्याचा जाब यापेक्षा सडेतोड मी तरी वाचलेला नाही.

कलमबहाद्दर

याला जाब म्हणत नाहीत, खून म्हणतात. पण हेही बघा, की ज्यांनी मारलं त्यांचा त्याच्या निवडीत काडीचा हात नव्हता. वाय्यादोलिदसारख्या शहरात दोन घराण्यांच्या गटांत जागा वाटलेल्या, सोरियात बारा घराण्यांचा हक्क. विणकराला कोण विचारतो? तरी त्यांनी त्याला आपला माणूस धरलं आणि आपल्याशी दगा केला असं मानलं. म्हणजे 'देहाचं तोंड' ही कल्पना खालच्या माणसानेही मनापासून मानली होती. धागाकर्त्यांनी याचा विचार करावा.

कोरडवाहू

हा मुद्दा बिनतोड आहे, करतो विचार. पण त्याच वर्षी सप्टेंबरात दुएन्यास या गावाने आपल्या काउंटाला हाकलून लावलं आणि सरदारांच्या इतर गावांतही लोण पसरलं, तेव्हा बंडखोर शहरांची त्रेधा उडाली हेही बघा. शेतकऱ्यांना साथ द्यावी तर सरदार हातचे जाणार. सरदार तसेही गेलेच, आपल्या जमिनी वाचवायला राजाच्या बाजूला. १५२१ च्या एप्रिलमध्ये व्हियालारला शहरांचा पराभव झाला तो सरदारांच्या घोडदळाकडून.

घाटावरचा

ती १७ शहरं कोणती ते एकदा लिहाल का? नकाशावर खुणा करायच्यात.

कोरडवाहू

@घाटावरचा, बुर्गोस, लिओन, तोलेदो, सेव्हिया, कोर्दोबा, मुर्सिया, खाएन, सामोरा, तोरो, सालामांका, सेगोव्हिया, आविला, वाय्यादोलिद, सोरिया, क्वेन्का, ग्वादालाहारा आणि माद्रिद. अठरावं ग्रानादा. खुणा केल्यावर उत्तर किनारा, गालिसिया आणि एक्स्त्रेमादुरा मोकळे दिसतील, ते बरोबर आहे. पालेन्सिया शोधू नका. १३१३ साली कोर्तेस तिथे भरली होती, पण यादीत ते नाही.